नको तेवढा फेस

उज्वलाने निळ्या बादलीतली चादर पिळली आणि सरळ वॉशिंग मशीनच्या गोल तोंडात कोंबली. मागोमाग लेकीची, मनस्वीची, शाळेची पांढरी सलवार गेली, मग तिचे आतले कपडे. आत नवऱ्याचे, दिपेशचे, शर्ट आणि सासूबाईंचं पूजेचं फिकं निळं लुगडं आधीपासूनच होतं.

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंच्या, सगुणाबाईंच्या, हातातली तांदळाची परात तशीच राहिली.

"ती बादली कशाला उचललीस?"

"कपडे धुवायला."

"ते कपरे मोरीन धुवाचे. मशिनीन नाय."

उज्वलाने मशीनचं दार ढकलून लावलं. बोलायला तोंड उघडलं असतं तर काल संध्याकाळपासून साठलेलं सगळंच बाहेर पडलं असतं.

काल मनस्वीला पहिल्यांदा पाळी आली. आजीने तिच्यापुढे ही निळी बादली आणून ठेवली. आजपासून तुझे तसले कपडे यात, धुवायचे तुझे तू, आणि वाळत घालायचे ते दुसऱ्या कपड्याखाली. पोरीने रडारड केली नाही. फक्त "का?" म्हणून विचारलं. लग्न होऊन आल्यावर उज्वलाच्या हातीही अशीच बादली आली होती. पुढे गावठाणातलं घर पडलं, तिथे बिल्डिंग उभी राहिली, पाटा-वरवंटा कोणाला तरी देऊन टाकला. खारघरच्या नवव्या मजल्यावर बादली मात्र आठवणीने आली.

तिने बाटली उचलली. हे लिक्विडसुद्धा भांडून आणलेलं होतं. मशीन नवीन असताना घरातली बादलीचीच, हाताने धुवायची पावडर वापरायचे. कपडे कडक निघायचे, काळ्या पॅन्टवर पांढरे ओघळ राहायचे. मग एक दिवस ती दुकानात पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचत इतका वेळ उभी राहिली, की वॉचमन तिच्याकडे संशयाने बघायला लागला. शेवटी कमी फेसाचं, फ्रंट लोडवालं उचललं. "धुलाई तीच, भाव डबल," असं दिपेश म्हणाला. तिने मनावर घेतलं नाही.

अर्धं टोपण मोजून तिने कप्प्यात ओतलं.

"यवऱ्याशा साबनानी निंगल तो डाग?"

"निघेल. रात्रीच गार पाण्यात भिजवलंय. गरम पाणी लागलं की डाग पक्का बसतो. आणि साबण जास्त झाला की फेसच होतो नुसता. कपड्यावर कपडा घासला जात नाही. फेसाने झाकलं जातं आई, निघत काही नाही."

"माजा लुगरा काढ पयला."

उज्वलाने बटण दाबलं. आतून टक् असा आवाज आला.

"लॉक झालं. आता मलाही उघडता यायचं नाही."

"दिपेशला येऊ दे."

"येऊ दे की. त्यांचेही शर्ट आहेत आत."

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत सासूला असं तोंडावर काही बोलली नव्हती. हॉलमध्ये मनस्वी पुस्तक उघडून बसली होती आणि पान काही उलटत नव्हतं. उज्वलाने तिच्यापुढे दुधाचा कप ठेवला, केसांवरून हात फिरवला.

परत आली तर मशीनची काच पांढरीफटक. कप्प्याच्या फटीतून फेस फरशीवर गळत होता. बेसिनवर बादलीच्या पावडरचं पाकीट आडवं पडलं होतं आणि सगुणाबाईंची बोटं पीठ चाळल्यागत पांढरी झाली होती.

"किती घातलीत?"

"मूठभर. माजा लुगरा हाय आत."

पाकीट खिडकीतून खाली भिरकावावं असं उज्वलाला वाटलं. तिने ते मुकाट्याने उचलून फळीवर ठेवलं आणि आणखी एकदा खळबळून घ्यायचं बटण दाबलं. मशीन पाणी घ्यायचं, सोडायचं, पुन्हा घ्यायचं. सगुणाबाईंनी स्टूल ओढलं आणि काचेसमोरच बसल्या. लुगड्यावर पाळत ठेवायला असणार, दुसरं काय.

फेस हळूहळू विरला. काचेमागे लुगडं, शर्ट आणि सलवार एकमेकांत गुंतून फिरायला लागले. म्हातारी काचेकडे बघतच बोलली.

"आमाला ते कपरे गोठ्याच्या मागं वालत घालाला लागायचे. पावसान वालत नसत. ओलेच घ्यायचो."



मशीन थांबलं. डाग गेला होता, चादरीवरचाही आणि सलवारीवरचाही. उज्वलाने सलवार उजेडात धरून सासूला मुद्दाम दाखवली. मग टब कमरेवर घेऊन ती गॅलरीत गेली. सगुणाबाई मागोमाग आल्या. लुगडं, शर्ट, चादर पुढच्या दोरीवर गेली. मागच्या दोरीवर सलवार, तिच्या शेजारी आतले कपडे. कठड्यावरचा दिपेशचा मोठा टॉवेल तिने ओढून घेतला, सलवारीसकट त्या सगळ्यावर पसरला आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले.

"यो टावेल कशाला?"

"अं?"

"मगाशी मना काय सांगितलास? फेसानी नुसता झाकतं, निंगत नाय. मंग यो टावेल कशाला?"

"समोरच्या बिल्डिंगमधले लोक..." उज्वला म्हणाली आणि थांबली. हे वाक्य तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. हातातला तिसरा चिमटा कुठे लावायचा तेही कळेना.

हॉलमधून मनस्वी उठून आली. तिने एक चिमटा काढला, दुसरा काढला आणि टॉवेल आजीच्या हातात दिला. सगुणाबाई तो घेऊन आत गेल्या, मशीनसमोरच्या फेसावर टाकला आणि पायाने फरशी पुसायला लागल्या.

गॅलरीत मनस्वीने लुगडं थोडं बाजूला सरकवलं. मग सलवार मागच्या दोरीवरून काढली आणि लुगड्याला लागून, पुढच्या दोरीवर, उन्हात घातली.