मूठभर चुरमुरे

मरियानं सकाळपासून सातव्यांदा नवऱ्याच्या काखेत थर्मामीटर लावला आणि सातव्यांदा आकडा शंभराच्या वर गेला. मधे एकदा तिनं तो स्वतःलाही लावून पाहिला होता, यंत्रच बिघडलेलं निघालं तर बरं म्हणून. यंत्र ठणठणीत होतं. मग ती उठली, खिडकी उघडली, वारा लागेल म्हणून लावली, कोंदट होईल म्हणून पुन्हा उघडली. पायाला नुसती भिंगरी. गेल्या तीन आठवड्यांत ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

कॉटवर दानीएल छातीशी उशी कवटाळून पडला होता. एस.टी.त सदतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. शेवगाव-नगर गाडीत चढताना सीटवरून भांडणारे लोक उतरताना एकमेकांना टाळ्या देत उतरायचे, ती सगळी दानीएलच्या जिभेची करामत. आता त्या जिभेला कुलूप लागलं होतं. नगरला बायपास झाली, छातीचं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलं, आणि त्या तारेची त्यानं अशी धास्ती घेतली की श्वाससुद्धा तो गरम चहासारखा घुटक्याघुटक्यानं घ्यायचा. खोकायचं तर नावच नको. डॉक्टरांनी तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरायची, जोरात श्वास ओढायचा, म्हणजे गोळ्या वर उचलल्या जातात. दानीएलनं एकही गोळी अजून जागची हलवली नव्हती.

शुक्रवारी एक्स-रे निघाला. शेवगावच्या डॉक्टरांनी मरियाला बाजूला घेऊन सांगितलं, "डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसलाय. आत कफ साचलाय. औषध मी देतो, पण तो खोकून बाहेर काढायचं काम त्यांचं. सोमवारी बघू. फरक नसला तर परत नगरला भरती करायचं, आणि ह्या वेळी ते सोपं जाणार नाही, ताई."

आज रविवार होता.

"एंजेलाचे पप्पा, एकदा तरी खोका ना वो," मरिया म्हणाली.

"दुखतंय."

"डॉक्टर म्हनले, तार लई पक्की हाय."

दानीएलनं डोळे मिटून घेतले. मरिया स्वयंपाकघरात गेली, आपण कशाला आलो ते विसरली आणि परत आली.

तिच्या या तगमगीच्या मुळाशी एक गोष्ट होती. ती तिनं लेकीला, एंजेलालासुद्धा सांगितली नव्हती. सोनईला नात्यातल्या एका लग्नात दानीएल जेवणाच्या टेबलावर नवरदेवाच्या मामाची नक्कल करत होता. मरिया हसून हसून बेजार झाली होती. नक्कल करता करता त्यानं छातीवर हात ठेवला, डोळे फिरवले आणि खुर्चीवरून घसरला. मरियाला वाटलं, हाही नाटकाचाच भाग. ती आणखी जोरानं हसली. "बघा ह्यांची नाटकं," असं चार जणांना बोट करून दाखवलं. बायको हसते आहे म्हटल्यावर बाकीचेही हसले. अर्धं मिनिट गेलं असेल, एकही गेलं असेल. त्याच्या पायातली चप्पल निसटली आणि त्यानं ती परत चढवली नाही, तेव्हा कुठे ती थांबली.

नगरला ऑपरेशनच्या दाराबाहेर तिनं देवाला सांगून टाकलं, ह्यांना वाचव, मी पुन्हा हसणार नाही. देवानं असलं काही मागितलं नव्हतं. पण माणूस घाबरला की देवालाही तो बाजारातला व्यापारी समजतो, त्याला काय करणार!

घरी आल्यावर तिनं हसण्याला दारच बंद केलं. टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. दानीएलच्या गाडीवर बारा वर्षं ड्रायव्हर असलेला बिभीषण भेटायला आला आणि उंबऱ्यावरूनच "काय कंडक्टर, शीट मोकळं हाय का?" म्हणाला, तर त्याला बाहेर थांबवलं. "त्यांना हसवू नका, टाके तुटतील." सुतकी चेहऱ्यानं येणाऱ्यांना मात्र मुभा होती. ते केळी घेऊन यायचे, कॉटशेजारी बसायचे आणि बायपासनंतर कोण कोण गेलं त्याची यादी वाचायचे. आजाऱ्याला भेटायला जाणं ही एक कला आहे, आणि आपल्याकडे ती फार थोड्यांना येते.

चार वाजता घरी चर्चच्या मंडळीची प्रार्थना ठरली होती. पाळकसाहेबांकडे चार गावच्या मंडळ्या, ते दुसरीकडे गुंतलेले, म्हणून आसारामदादा आले. वय ब्याऐंशी, सगळ्यांत जुने पंच. पाळकसाहेबांची नेहमीच ओढाताण, त्यामुळे गेली वीस वर्षं मंडळीतल्या बहुतेक मयतांना दादांच्याच प्रार्थनेनं माती मिळाली होती. कबरस्तानात त्यांचा आवाज असा लागायचा की गेलेल्या माणसालाही बरं वाटावं.

पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली. बिभीषण बाहेर ओट्यावरच थांबला. मधे कॉट, कॉटवर पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर डोळे मिटून, दोन्ही हात छातीवर घेऊन पडलेला दानीएल. शेजारच्या लंकाबाईनं आपल्या परसातली शेवंती आणून उशाशी ठेवलेली. गीत म्हटलं तेही रडवं. मरियानं तेवढ्यात दोनदा उठून चुरमुऱ्यांची परात झाकली. मग ती नेऊन कॉटजवळच्या स्टुलावर ठेवली, लोकांना नंतर द्यायला.

आसारामदादा कॉटशी उभे राहिले. चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

"हे दयाळू बापा, तुझा हा सेवक दानीएल..." सुरुवात छान झाली. वैद्यांना बुद्धी दे, औषधांना गुण दे. "आमेन," मंडळी म्हणाली. "यानं सदतीस वर्षं इमानानं नोकरी केली. कुणाचं सुटं ठेवलं न्हाई. लेकीला नर्स केलं."

"आमेन."

"प्रभू, त्यानं आपली धाव संपिवली."

"आमेन."

मरियाचे डोळे खाडकन उघडले. हे तर मातीच्या वेळचं वाक्य! बाकी कुणाचे उघडले नव्हते. वीस वर्षं त्याच आवाजाला, त्याच चालीवर आमेन म्हणायची सवय. गाडी नेहमीच्या रस्त्याला लागली होती आणि सगळे निवांत बसून होते.

"त्याच्या मागं ऱ्हायलेल्या बायकोचं, लेकीचं तू सांत्वन कर. ज्या भावांनी उन्हातान्हात खड्डा खनला, त्यांच्या हाताला बरकत दे."

"आमेन."

मरिया उठून उभी राहिली. पण चालू प्रार्थना तोडायची कशी? देवाशी बोलणाऱ्या माणसाचा सदरा ओढायचा? तिनं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा केला. तोवर दादा शेवटाला आले होते. मातीच्या वेळी ते शेवटी वाकतात आणि मूठभर माती घेतात. डोळे मिटूनच वाकले. हाताला परात लागली. मूठ भरली आणि जड आवाजात म्हणाले, "जा भावा, इसावा घे," आणि मूठभर चुरमुरे दानीएलच्या तोंडावर टाकले.

एक क्षण काही झालं नाही. मग चादर हलायला लागली. दानीएलचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं आणि आवाज मुळीच नाही. दोन्ही हातांनी त्यानं उशी छातीवर आवळली.

"ॲटॅक आला!" मरिया किंचाळली. "बिभीषणदादा, गाडी काढा! गाडी काढा!" ती दाराकडे धावली, परत कॉटकडे आली, पाण्याचा तांब्या लवंडला. या खेपेला ती अर्धं मिनिटसुद्धा वाया घालवणार नव्हती.

बिभीषण चपलेसकट आत घुसला. त्यानं दानीएलच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

"वयनी," तो म्हणाला, "त्यो हसतोय."

आणि मग आवाज फुटला. तीन आठवडे कोंडलेलं हसू बाहेर पडलं आणि त्याच्या पाठोपाठ खोकला. असा खोकला की कॉट करकरायला लागली. हसणं थांबलं की खोकला, खोकला थांबला की गालावरचा चुरमुरा बघून पुन्हा हसणं. मरियानं पातेलं पुढे धरलं. पिवळाजर्द, घट्ट कफ पडत राहिला. ती एका हातानं त्याची पाठ चोळत होती, दुसऱ्यानं पातेलं धरून होती, आणि तार तुटत नव्हती. दहा मिनिटांनी दानीएल उशीवर टेकला आणि त्यानं श्वास घेतला. घुटका नाही. छाती भरून, लांब श्वास.

दादांनी गडबडीनं चष्मा चढवला. "काय झालं?"

"दादा, तुमी जित्या मानसाला माती दिली!" लंकाबाई म्हणाली आणि सतरंजीवरच लोळली. मग काय, मंडळीला धरबंध राहिला नाही.

"दादा," दानीएल धापा टाकत म्हणाला, "खड्डा खननाऱ्यांना च्या पाजला का न्हाई?"

आसारामदादांचा चेहरा आधी पडला. त्यांनी परातीकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "माजा अर्ज चुकीचा गेला, बाबा. पन वरच्या सायबानं शेरा बरोबर मारला." आणि बोळक्या तोंडानं तेही हसायला लागले.

मरिया तेवढी हसली नाही. ती पातेलं घेऊन मोरीत उभी राहिली. ओठ दाताखाली धरले होते. आतून उसळ्या येत होत्या आणि तिला भयंकर भीती वाटत होती.

दिवेलागणीला लोक पांगले. दानीएलनं न सांगता यंत्र हातात घेतलं, नळी तोंडात धरली. एक गोळी उचलली, मग दुसरी. तिसरी नुसतीच थरथरली. थर्मामीटर नव्व्याण्णव दाखवत होता. मरियानं आकडा पाहिला, उठली, खिडकीशी गेली, परत आली.

"बस की आता," दानीएल म्हणाला. "सगळी हसली. तूच का न्हाई हसली?"

तेव्हा तिनं सांगितलं. उभ्याउभ्याच, चादरीवरचे चुरमुरे वेचत. लग्न सांगितलं, चप्पल सांगितली, देवाला दिलेला शब्द सांगितला. "तुमी मरत हुता आनि मी हसत हुते वो," असं म्हणून ती कॉटच्या कडेला बसली आणि रडायला लागली.

दानीएलनं यंत्र बाजूला ठेवलं. मग त्यानं तिचा हात उशीवर ओढून घेतला.

"मरिया, मी पडलो ना, तवा दिसायचं बंद झालं. बाकी कुनाचा आवाज येईना. नुसतं तुजं हसनं ऐकू येत हुतं. मी म्हनलं, ही हसतीय म्हंजी आपला स्टॉप अजून आला न्हाई. मग कशाला उतरायचं?"

मरिया त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये एक चुरमुरा अजून अडकलेला होता. ती तो काढायला वाकली आणि तिला खड्डा खणणारे भाऊ आठवले. सगळा बांध फुटला. ती हसली, उशीत तोंड खुपसून हसली, रडणं आणि हसणं एक झालं, देवाला काय म्हणायचं ते तिनं तसंच, हसत हसत म्हणून घेतलं.

"हळू, हळू," दानीएल तिच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "टाके तुटतील."