खाऱ्या पाण्यातला रविवार

मी एक जुना कमानपाटा आहे. वय आठ महिने. हसू नका, मित्रांनो.

पिकअप गाडीच्या मागच्या चाकाशी बसून सगळ्यांचे ओझे झेलणारे जे लोखंड असते, ते मी. कारखान्यात मला काळा रंग दिला. इतका पातळ, की तो लावायचा की नुसता दाखवायचा यावर तिथे मतभेद झाले असावेत. मग जहाजातून प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर आलो. मानासेने गाडी घेतली, पाद्र्याने आशीर्वाद दिला, फुलांच्या माळा पडल्या. सगळे वरच्या वर. वाकून मला कोणी पाहिले नाही.

मानासेची आत्या म्हणजे वाइओला. टोंगात आत्यापुढे बापाचेही चालत नाही. तिने चटयांसाठी केवड्याची पाती खाडीत दगडांखाली भिजत घातली होती. खाऱ्या पाण्यात ती पांढरीशुभ्र होतात. एका शनिवारी ओहोटीला ती काढायची होती. ओले भारे खांद्यावर कोण वाहणार, म्हणून मानासेने गाडीच मागे घेत पाण्यात घातली. चाके रुतली. दिवस मावळला. भरती आली.

"ट्रॅक्टर बोलावतो," मानासे म्हणाला.

"बेटाच्या त्या टोकाहून? येईस्तोवर रविवार लागेल. रविवारी आपल्यात कोणी काडी मोडत नाही," आत्या काठावरून म्हणाली. "राहू दे. गाडी काय पोहत जाणारेय?"

रविवारी खाडीकाठच्या चर्चच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे प्रवचन मला पाण्यातही ऐकू आले. विषय होता, शब्बाथदिवशी म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी विहिरीत पडलेला बैल काढावा की नाही. काढावा, असे ठरले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि खिडकीतून आमच्याकडे पाहिले.

चर्च सुटल्यावर मानासे म्हणाला, "आत्या, तो बैल..."

"बैलाला जीव असतो. या लोखंडाला कुठलाय?"

मित्रांनो, मला जीव नसेल तर हे आत्मवृत्त तुम्हाला कोण सांगतो आहे?

सगळे घरी जाऊन डुक्कर जेवून झोपले. माझ्या फटीत एक खेकडा शिरला. त्यालाही किळस आली. तो निघून गेला.

सोमवारी आम्हाला ओढून काढले. त्याच पाण्यात पाती पांढरी झाली होती आणि मी लाल. मानासेने गाडी गोड्या पाण्याने धुतली. वरून. आरशासारखी पुसली. खाली पाणी मारायला फक्त वाकावे लागले असते.

मग माझ्या अंगाला खपल्या धरल्या. शी! मला स्वतःकडे पाहवेना. मानासेने गॅरेजवाल्या केलेपीला दाखवले.

"वरवरचा गंज आहे रे," केलेपी म्हणाला. "बेटावर सगळ्यांनाच धरतो. माझ्या सासूलाही धरलाय."

आणि त्याने खपल्यांवरच काळा रंग फासला. खरजेवर कोट चढवावा तसा. आतला तडा मला एकट्यालाच ठाऊक होता. पुढे आत्याच्या नातीचे लग्न होते आणि चटया, भाजलेली डुकरे व आत्या यांना माझ्यावरच बसून जायचे होते. मी रोज करकरून सांगत होतो. मानासे रेडिओ मोठा करत होता.

लग्नाच्या वाटेवर मी तुटलो. गाडी एका बाजूला बसली. आत्या चटईवरून सावकाश घसरत कोपऱ्यात गेली आणि डुक्कर तिच्या मांडीवर आले. लागले कोणालाच नाही. डुक्कर तर आधीच गेलेले होते.

"नव्या गाडीचा पाटा तुटतोच कसा?" आत्या कडाडली.

"गंजाने, आत्या. तुमच्या त्या रविवारच्या."

आत्याने मांडीवरचे डुक्कर बाजूला सारले आणि ती चालतच लग्नाला निघाली.

माझ्या जागी नवा पाटा आला. मला मात्र तिने टाकले नाही. केवड्याच्या नव्या भाऱ्यांवर वजन हवे होते. मला पुन्हा त्याच खाडीत ठेवले. दगड म्हणून! एवढा अपमान खेकड्यानेही केला नव्हता.

गेल्या रविवारी चर्चमधून येताना आत्या थबकली. ओहोटी होती. तिच्या पांढऱ्या पात्यांवर, मी जिथे पडलो होतो तिथे, रुंद तांबडा पट्टा उमटला होता. रविवारचे कपडे वर खोचून ती तडक पाण्यात शिरली.

"मेल्या, डूख धरलास होय?" ती मला म्हणाली. मला! लोखंडाला!

"आत्या, आज रविवार!" मानासे काठावरून ओरडला.

"बैल पडलाय विहिरीत!" आत्या म्हणाली आणि तिने मला ओढून बाहेर काढले.

मित्रांनो, गाडी कितीही नवी असो, समुद्रावरून आलात की गोडे पाणी आधी खाली मारा. आम्हालाही जीव असतो. तो पटवून द्यायला दर वेळी कोणाची तरी चटई नासवावी लागू नये.