गंगीचे एकवीस भाग

२१

सीताबाईंच्या पायाचं प्लास्टर निघायला एकवीस दिवस होते. नालवाडीच्या घरात, कॅलेंडरवर मुलाने, धम्मदीपने, आकडे उलटे लिहून ठेवले होते. २१, २०, १९.

सून मयुरी सावंगीच्या दवाखान्यात नर्स. ड्यूटीवर निघताना तिने सासूला जुना फोन दिला. त्यात चित्रकथा होती, मालाचा टेम्पो चालवणाऱ्या गंगीची. नागपूरचे दोघं जण स्वतःच लिहितात, स्वतःच काढतात, शनिवारी एक भाग टाकतात. एकविसावा टाकून महिनाभर थांबले होते.

यादीत सगळ्यात वर, भाग २१. सीताबाईंनी कॅलेंडर पाहिलं. जुळलं. रोज एक भाग, कॅलेंडरवरच्या आकड्याचा.

गंगी खाटेवर. पाय वर टांगलेला, तोंड भिंतीकडे.

"माह्यासारखीच हाय."

१७

टेम्पो नाल्यात, चाकं वर.

"आता सांगून राह्यले, कशी पडली ते."

१२

गंगी टेम्पोवर उभी, ताडपत्री बांधते. सीताबाईंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पाय पाहिला.

"मयुरी, तिच्या पायाले डागही नाई राह्यला."

मयुरी कणीक भिजवत होती. "हो का," म्हणाली.

६

वॉकर आला. सीताबाईंनी त्यावर टॉवेल वाळत घातला.

"मी नाई उठत बाप्पा. पुन्हा पडली म्हणजे?"

"डॉक्टर म्हणते, नाई चाललं तर पाय आखडते," मयुरी म्हणाली.

"आखडू दे."

१

दोन वेण्यांची गंगी बसमागे पळते. अनवाणी.

सीताबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग टॉवेल काढून घडी घातली.

"थे उठली, मंग मले काय झालं?"

०

सकाळी प्लास्टर कापलं. संध्याकाळी त्या उभ्या राहिल्या. एक पाऊल. दोन. मयुरी मागे, हात तयार ठेवून. चार.

धम्मदीप त्यांचा फोन चाळत होता. हसला.

"आई, तू उलटं वाचलं ना. एक नंबर पह्यला असते. पळते थे लहानपणी. गंगी तं आता दवाखान्यात हाय."

मयुरीने पाहिलं तसं त्याचं हसू गेलं.

सीताबाई खोलीच्या मधोमध. खाट चार पावलं मागे, दार चार पावलं पुढे.

"म्हंजे थे पडूनच हाय?"

धम्मदीपने हातातला फोन पालथा केला.

"काऊन बोलत नाई?"

"हो, आई," मयुरी म्हणाली. "पुढचा भाग शनिवारी येते."

सीताबाई वॉकरवर वाकल्या. मयुरीने पायाने खुर्ची ओढून मागे लावली. सीताबाईंनी ती पाहिली. बसल्या नाहीत.

"त्या नागपूरवाल्याइले लिहिता येते काय?"

"येते. भागाखाली जागा असते."

"मंग लिही. तिले उठवा म्हणा. आधी वॉकर पुढं. मंग दुखरा पाय. मंग चांगला." त्या अडखळल्या. "तवा नजर कुठं असते?"

"मले काय माईत," धम्मदीप म्हणाला.

"तुले कसं माईत असन. कधी पडला काय तू? थांब."

त्यांनी वॉकर उचलून दाराकडे टेकवला, दुखरा पाय टाकला, त्यावर भार दिला, आणि आपण कुठे पाहतो आहोत ते नीट ध्यानात घेतलं.

"लिही," त्या म्हणाल्या.