पानावरचा शेवटचा हात

"माझ्या फायलीला हात कोणी लावला?"

माळीबुवांचा आवाज चढलेला आजवर कोणी ऐकला नव्हता. हॉलमधल्या अठरा माना एकदम वर आल्या. बुवांच्या स्क्रीनवर एक पान होतं, पाठीमागून ऊन पडलेलं, आणि ते चक्क निळसर दिसत होतं. बुरशी धरल्यासारखं.

बुवा काही माळी नव्हते. ॲनिमेशन स्टुडिओत बावीस वर्षं ते फक्त झाडांची पानं करत आले होते, म्हणून हे नाव पडलेलं. संगणकावर पान काढणं सोपं, त्यातून ऊन आरपार नेणं अवघड. उजेड पानावर पडतो, थोडा परततो, थोडा आत शिरतो, आतल्या आत धडपडतो आणि पलीकडून पिवळट हिरवा होऊन बाहेर येतो. शिरांपाशी अडतो, पातळ कडेला सांडतो. हे साधलं नाही तर पान प्लास्टिकचं. बुवा खरं पान काचेवर ठेवत, एकदा पुढून आणि एकदा मागून दिवा लावून फोटो काढत, यंत्राने रंग मोजत, आणि मग तो मोजलेला रंग नजरेने थोडा हलवत. याला ते शेवटचा हात म्हणत. तो हात दुसऱ्या कोणाला फिरवू देत नसत.

आज दुपारी तीनला त्यांच्या त्रेचाळीस पानांचा संग्रह सगळ्या विभागांच्या हवाली व्हायचा होता. यापुढे स्टुडिओतलं प्रत्येक झाड याच पानांनी भरणार होतं आणि संग्रहावर त्यांचं नाव असणार होतं. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, तरी ते आले होते ते त्यासाठीच.

"स्क्रीन ठणठणीत आहे, सर," यंत्रं सांभाळणारा वाकून बघत म्हणाला. "सकाळीच तपासलाय."

काही दिवस निळं जरा जास्त वाटेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेच आहे का हे बघायला बुवांनी गेल्या वर्षी गाजलेल्या चित्रपटातलं एक दृश्य शेजारी उघडलं. त्यात हेच पान होतं, हाच उजेड. आणि ते अगदी बरोबर होतं. कोवळं, उबदार, जिवंत. म्हणजे डोळा चुकत नव्हता. फाईल चुकत होती.

त्यांनी फाईलची नोंद काढली. शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव एकच, त्यांचं स्वतःचं. दुसरं पान उघडलं, पाचवं, अकरावं. जुनी पानं ठीक होती. गेल्या तीन वर्षांतली एकवीस निळी, आणि जितकं नवं तितकं जास्त निळं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, डोळ्यात थेंब घातलेत का?"

"आपल्या घराच्या भिंती कोणत्या रंगाच्या आहेत गं?"

"आता हे काय मध्येच? पांढऱ्या."

"पिवळट नाहीत?"

"तुम्हीच म्हणत होता पिवळट. मी वाद घालायचं सोडून दिलं, दुसरं काय!"

त्यांनी फोन ठेवला. मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसत गेलं होतं, आणि ते झाकायला शेवटचा हात पानांवर निळं चढवत गेला होता. मग चित्रपटात ते पान कुठून आलं, हे शोधायला लागले. ते त्यांच्या फायलीतून आलंच नव्हतं. एक प्रत होती, तिच्यात रंग बदललेला होता आणि बदलणाऱ्याचं नाव होतं दिवेवालीचं.

दिवेवाली म्हणजे दृश्यांना उजेड देणारी. बुवांच्या हातून निघालेलं प्रत्येक पान आधी तिच्याकडे जाई. आठ वर्षांपूर्वी पहिलं पान करायला ती त्यांच्याच शेजारी बसून शिकली होती. बुवा तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"किती दिवस चाललंय हे?"

तिने कीबोर्डवरचे हात काढले. "बसा ना, सर."

"किती दिवस, विचारतोय."

"तीन वर्षं होतील."

"एकवीस पानं?"

"एकवीसच्या एकवीस."

"आणि तोंडातून एक शब्द नाही?"

"पहिल्यांदा बोलले होते की! पान निळं पडतंय म्हटलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आधी डोळे तपासून ये, बाई. आले मी तपासून. डोळे उत्तम असल्याचा कागदही घेऊन आले होते. दाखवला नाही."

"का?"

"दाखवला असता, तर मग तुमचे तपासावे लागले असते ना."

बुवा बसले. खुर्ची आहे की नाही हेही न बघता.

"रंग कुठून आणायचीस? माझ्यासारखा जमवायचीस नजरेने?"

"नाही हो. नजरबिजर काही नाही." ती खाली बघत म्हणाली. "यंत्राने मोजलेला आकडा असायचा ना तुमच्या फायलीत, तोच परत घालायचे. बाकी आकार, शिरा, जाडी, सगळं तुमचंच."

"नुसता आकडा?"

"नुसता आकडा."

त्या चित्रपटातल्या पानांवर लोकांनी भरभरून लिहिलं होतं. ती कात्रणं बुवांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. तीनला माझ्या प्रती जातील, नाव तुमचंच राहील. काही बदलत नाही, सर."

तीन वाजता हॉल भरला. विभागप्रमुख म्हणाले, "यांच्या नजरेला तोड नाही." टाळ्या झाल्या. बुवा उठले आणि त्यांनी मोठ्या पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी लावली.

"डावीकडचं मी केलेलं. उजवीकडचं हिने दुरुस्त केलेलं. चित्रपटात तुम्ही पाहिलंत ते उजवीकडचं. अशी एकवीस आहेत. संग्रहावर आधी हिचं नाव घाला."

मागून कोणी तरी हसलं. "बुवा, चेष्टा करताय का?"

प्रमुखांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बराच वेळ त्या डावीकडच्या पानाकडे पाहत राहिले.

माणसं पांगल्यावर दिवेवाली पडदा बंद करायला पुढे आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"राहू दे जरा," बुवा म्हणाले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. त्यांनी उजव्या डोळ्यावर अलगद तळहात धरला आणि डावीकडचं पान पाहिलं.

"कसं दिसतंय, सर?"

"अगदी बरोबर," ते म्हणाले. हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.