दोन पांढऱ्या भिंती

थोरल्या सुनेच्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि नव्या जोडप्यासाठी घराच्या खालच्या अंगाला एक खोली वाढवली, त्या वर्षाची ही गोष्ट.

खाडीच्या मुखाशी खडकावर त्यांची पाच घरांची वाडी. कुठंही जायचं तर होडीशिवाय गत्यंतर नाही. ओहोटीला वाळूचे दांडे वर येत आणि मधून एकच चिंचोळी, खोल वाट उरे. पाण्यावरून ती ओळखू येत नसे. समोरच्या फुटक्या खडकाच्या बरोबर डोक्यावर घराची पांढरी भिंत धरायची आणि नाकासमोर यायचं. सासऱ्यांनी थोरल्या सुनेला एवढंच शिकवलं होतं आणि तेवढं पुरत असे.

नव्या खोलीला चुना थोरलीनेच लावला. वरच्या, खुणेच्या भिंतीची पाळी यायच्या आत चुना संपला.

"ती काळवंडलीय. आधी तिला द्यायचा होता," सासरे म्हणाले.

"देऊ हो मामंजी, भिंत काय पळून जातेय?"

पुढं ते राहूनच गेलं.

महिन्याभरानं एका सकाळी सासऱ्यांना धाप लागली. ओठ निळे पडले. पुरुषमाणसं मासेमारीला गेलेली. धाकट्या जावेला त्यांच्याजवळ बसवून थोरलीनं होडी काढली आणि पलीकडच्या दवाखान्यातून नर्सबाईंना घेतलं. परतताना पाणी झपाट्यानं उतरत होतं. ती उभ्यानंच वल्हं मारत होती.

"जरा दमानं गं! मला पोहता येत नाही."

"पोहायची वेळ आली तर मी आहे. चिखलात उतरायची आली, तर तुमच्या बुटांचं काही खरं नाही."

तोंडानं बोलत होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. धुरकट उन्हात फुटका खडक दिसला, त्याच्यामागे भिंत चकाकली. तिनं होडी त्या रेषेत घातली.

खालून खरखर आवाज आला आणि होडी जागच्या जागी बसली.

तिनं मान वर केली. चकाकत होती ती नवी खोली. जुनी भिंत तिच्या वर, डावीकडे, धुरकट उन्हात करडी झालेली. तिनं वल्हं रोवून जोर लावला, पण होडी तसूभर हलली नाही. पुढं माणूस गिळेल असा चिखल होता, आणि घर हाकेच्या अंतरावर.

"सहा तास!" ती म्हणाली. "भरती येईपर्यंत सहा तास!"

नर्सबाई उभ्या राहिल्या आणि तोंडाशी हात धरून ओरडल्या, "त्यांना बसतं करा! पाठीला उशा लावा! पाय खाली सोडा!"

धाकटीनं सासऱ्यांना ओसरीवर बसवलं. जरा वेळानं तिची हाक आली, "ताई, मामंजी विचारतायत, कुठं रुतलात?"

"दांड्यावर! चुकले मी!"

धाकटीनं त्यांच्या तोंडाशी कान नेला. "म्हणतायत, ते राहू दे! नांगर खोल पाण्याकडे टाक, नाहीतर भरतीत होडी आडवी होईल!"

थोरलीनं नांगर टाकला. मग ती बसली, उठली, पुन्हा बसली. दर थोड्या वेळानं नर्सबाई ओरडून विचारत, श्वास कसा आहे, आणि धाकटी सांगे. एकदा उत्तराऐवजी तिच्या रडण्याचा आवाज आला.

सासरे त्याच दिवशी दुपारी गेले, होडी पाण्यावर सुटायच्या तासभर आधी.