माझ्या डोक्यावरची सही

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. माझ्या डोक्यावर, खुंट्यांच्या मधोमध, एका बाईंची सही आहे. माझ्यासारख्या दिसणाऱ्या गिटारी पुढे कारखान्यात शेकड्यांनी निघाल्या आणि त्यांच्यावर तीच सही छापली गेली. पण खऱ्या पेनाने केलेली सही फक्त माझ्यावर आहे, कारण मी पहिली.

टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत मला एका कारागिराने घडवलं. बाई त्यांना काका म्हणत. काकांनी माझी मान दोनदा केली आणि बाईंनी दोन्ही वेळा ती नापास केली.

"काका, मान जाड झालीय. माझा हात लहान आहे. अंगठा थकतो."

"अहो, अजून तासली तर वाकेल!"

"वाकली तर मी बघेन."

काका पुटपुटतच कानस घेऊन बसले. तिसऱ्या वेळी त्यांनी जाड तारेच्या बाजूने मान जरा जास्त उतरवली आणि आवाजाचं बटण बाईंच्या करंगळीला लागेल इतकं जवळ आणलं. बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि पुढ्यातला चहा निवून गेला तरी वर पाहिलं नाही. हळू छेडलं तर माझा आवाज मोकळा येई, जोर दिला की किंचित घोगरा होई. करंगळीने बटण फिरवलं की सूर दुरून चालत आल्यासारखा वाढे. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "हं. ही माझी."

त्यानंतरची एकवीस वर्षं आम्ही मंचावर काढली. सोबत ड्रम वाजवणारा एक गलेलठ्ठ मित्र होता. बाई त्याला ढोल्या म्हणत आणि तो त्यांना बाईसाहेब. लोक माझ्या आवाजाचं कौतुक करत, तेव्हा मी हुरळून जायचे. खोटं कशाला बोलू? सगळं श्रेय माझंच, असंच मला वाटायचं.

मग एका सकाळी बाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पायही सुधारला. डाव्या हाताची मूठ मात्र मिटली ती मिटलीच. तारा दाबायचा हात तोच. इस्पितळातून घरी आल्यावर बाईंनी लेकीला सांगितलं, "हिला पेटीत घाल आणि पलंगाखाली सरकव. मला दिसायला नको."

चार वर्षं मी पलंगाखाली होते. तारा ताणलेल्याच राहिल्या होत्या. त्या गंजल्या आणि त्यांच्या ओढीने माझी मान वाकत गेली. वरून बाईंच्या कुशी बदलण्याचा आवाज येई. पेटी कधी कोणी उघडली नाही.

पुढे एकदा घर झाडताना लेकीने मला बाहेर काढलं आणि आईला न सांगता काकांकडे नेलं. काका आता फार म्हातारे झाले होते. त्यांनी मला डोळ्यांसमोर आडवं धरलं. "तारा सैल करायचं कुणाला सुचलं नाही का गं?" काकांनी मानेतली सळई पिळून मला सरळ केलं आणि मग विचारलं, "आईचा हात कसा आहे?"

"मूठ उघडत नाही, काका."

"मिटते ना घट्ट? मग काम होईल."

त्यांनी माझ्या तारा मानेपासून चांगल्या अर्ध्या बोटाएवढ्या उंच केल्या आणि सूर असे लावले की न दाबताही सहा तारा एकमेकींशी जुळाव्यात. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जिना चढून बाईंच्या घरी आले.

मला बघताच बाई लेकीवर कडाडल्या, "मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाहीच म्हणायचं होतं मला!"

काकांनी भांडण ऐकलंच नाही असं दाखवलं. मला बाईंच्या मांडीवर उताणं ठेवलं, मिटलेल्या मुठीत एक गुळगुळीत पोलादी दांडी सरकवली आणि म्हणाले, "दाबायचं नाही. नुसतं तारांवरून फिरवायचं."

बाईंनी फिरवलं. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. लेकीला हसू आवरेना, आणि बाईंना रडू.

"काका, हा माझा आवाज नाही."

"नाहीच. तो गेला, ताई. हा नवीन आहे, आणि तो अजून रांगतोय."

काका गेल्यावर बाईंनी मला बाजूला सारलं. पण दुपारी, लेक बाहेर गेल्यावर, त्यांनी मला स्वतः ओढून घेतलं. त्यानंतर रोज तासभर. कधी दांडी घसरून खाली पडे, कधी खांदा भरून येई. माझ्या मानेला त्यांचा अंगठा आता लागत नव्हता. इतक्या हट्टाने तासून घेतलेली ती मान आता नुसती तारा तोलून होती. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण सूर हळूहळू सरळ झाले आणि मग एकातून दुसऱ्यात वाहू लागले.

सात-आठ महिन्यांनी, एका रविवारी, ढोल्या भेटायला आला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने जिन्यातूनच लेकीला विचारलं, "कोण वाजवतंय गं? नवीन कोणी शिकायला येतं का?"

लेकीने ओठांवर बोट ठेवलं. तो दारात ऐकत उभा राहिला. शेवटच्या सुराआधी बाई थांबल्या, आता सूर येतच नाही असं वाटावं इतक्या थांबल्या, आणि मग त्यांनी तो अलगद सोडला.

ढोल्याने कपाळावर हात मारला. "एवढं ताटकळत कोण ठेवणार दुसरं! आयुष्यभर माझ्या काठ्या हवेत अडकवून ठेवल्यात हिने."

बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आत ये, ढोल्या. आणि काठ्या नसतील तर डबा घे."

मित्रांनो, आम्हाला वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि बरेच दिवस ठेवणार असाल तर तारा सैल करा. एवढं केलंत तरी आम्ही टिकू. पण तुमच्या घरात कुणाचं वाजवणं थांबलं असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. वाद्य बाहेर काढा आणि त्यांच्या मांडीवर आणून ठेवा. ते ओरडतील. ओरडू द्या.