बंपरची दाढ

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीवर एक पाटी लावली होती. ‘दुखलं की लगेच या. घरच्या घरी उकरू नका.’ अक्षर त्यांचं स्वतःचं होतं आणि शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. त्याच पाटीखालचं कपाट उघडून डॉक्टर आज उकरायची एकेक हत्यारं पांढऱ्या कोटाच्या खिशात भरत होते, आणि मधूनमधून दाराकडे बघत होते.

खुर्चीत बँकेतला कॅशियर आडवा पडला होता. त्याच्या गालात कापसाचे बोळे होते आणि डोळ्यांत प्रश्न.

“हलू नका,” डॉक्टर म्हणाले. “दाढ जरा सुकू द्या. मी आलोच.”

“आऽऽ?” कॅशियर म्हणाला.

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाले आणि मागच्या दाराने घरच्या शेडकडे पळाले.

शेडमध्ये पांढरी, बुटकी, नाक जमिनीला घासेल की काय अशी एक स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्या पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात एक खळगा होता, खळग्याच्या मधोमध एक खोक होती आणि खोकेच्या दोन्ही बाजूंना मांजराने पंजा मारावा तसे ओरखडे होते. एवढंच. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या याहून जास्त जखमा अंगावर मिरवत सुखाने हिंडत असतात. पण त्या गाड्या त्यांच्या त्यांच्या मालकांनी ठोकलेल्या असतात. ही गाडी डॉक्टरांच्या मेव्हण्याची होती.

मेव्हण्याला घरात सगळे छोटू म्हणत. छोटू दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतका उंच झाला, तरी नाव काही वाढलं नाही. बाहेरगावी काम निघालं म्हणून तो गाडी ताईच्या शेडमध्ये ठेवून गेला होता. जाताना तो एवढंच म्हणाला होता, “भाऊजी, किल्ली खुंटीला आहे. लागणार नाहीच म्हणा तुम्हाला.”

हे ‘लागणार नाहीच म्हणा’ बोलायला तसंच कारण होतं. छोटूने ही गाडी घेतल्यापासून डॉक्टरांनी तिच्यावर एक प्रवचन बसवलं होतं. नातेवाईक जमले की ते व्हायचं. “गाडी कशाला म्हणतात? जिच्यात घरची माणसं बसतात तिला. हिच्यात माणसं दोन, आणि तीही बसत नाहीत, निजतात!” इथे हशा. मग, “माणसाचं वय वाढतं, पण काहींचं खेळणं तेवढं मोठं होतं.” इथे सगळे छोटूकडे बघायचे आणि छोटू चपलांकडे बघायचा. या प्रवचनामुळे एका भाच्याने मोटरसायकल घेण्याचा विचार सोडला होता, एका साडूंनी नवा टीव्ही परत केला होता. अख्ख्या नात्यागोत्यात संयम म्हटलं की डॉक्टरांचं नाव निघे.

म्हणूनच डॉक्टरांना खरी धास्ती बंपरची नव्हती. बंपर काय, बदलून मिळतो. प्रवचन एकदा फुटलं की बदलून मिळत नाही.

झालं होतं ते असं. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवेना, पण वाचलं होतं हे नक्की. परवा दुपारी बायको मैत्रिणीकडे गेली आणि डॉक्टरांना बॅटरीची फार काळजी वाटू लागली. ते गाडीत शिरले. डॉक्टर उंचीने बेताचे. दवाखान्यातसुद्धा पाटावर उभं राहिल्याशिवाय त्यांना वरच्या दाढा दिसत नसत. सीट पार पुढे ओढली तेव्हा कुठे पाय पोचले. मग गाडी सुरू केली, बॅटरीसाठी. मग फाटकापर्यंत नेली, तीही बॅटरीसाठीच. त्यानंतर मात्र बॅटरीचं नाव निघालं नाही. मोठ्या रस्त्यावर एक पोरगं त्यांच्याकडे बघून शीळ घालून गेलं. डॉक्टरांना उभ्या आयुष्यात कोणी शीळ घातली नव्हती.

परत येताना ते आरशात स्वतःला बघत होते. केस जरा विस्कटले होते आणि ते त्यांना बरे दिसत होते. तेवढ्यात डावीकडून फाटकाचा खांब आला.

कर्र.

खांबावर पांढरा पट्टा उमटला. त्याच्यापुढे डॉक्टरांनी अंगणातली मोठी कुंडी सरकवली. गाडीवर आच्छादन घातलं, आणि सोमवारी गुपचूप गॅरेजला न्यायची असं ठरवून दोन दिवस नीट झोपही घेतली नाही. आणि आज, कॅशियर खुर्चीत आडवा झाल्याबरोबर, फोन.

“भाऊजी, काम लवकर आटपलं. गाडी न्यायला येतोय. तासाभरात पोचतोच.”

“ये की!” डॉक्टर म्हणाले होते. आवाज त्यांचाच होता, पण दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यातून आल्यासारखा.

आता ते बंपरपुढे उकिडवे बसले. साबणाच्या पाण्याने कोपरा धुतला, स्पिरिटने पुसला. खळगा आधी बाहेर काढायला हवा होता. प्लास्टिक गरम पाण्याने नरम पडतं, हे कवळ्यांच्या धंद्यात त्यांनी पाहिलेलं होतं. ते स्वयंपाकघरात गेले, शेगडीवरचं पातेलं उचललं आणि बाहेर पडले.

“अहो, चहाचं आधण कुठे गेलं?” आतून बायकोचा आवाज आला.

“पेशंटला गुळण्यांना!”

“एवढ्या?”

“तोंड मोठं आहे त्यांचं!”

उकळतं पाणी बंपरवर ओतलं, चाकामागून हात आत घातला आणि दाबलं. टप्. खळगा जागच्या जागी बाहेर आला. अक्कलदाढ मुळासकट हातात आल्यावर होतो तसा आनंद डॉक्टरांना झाला आणि लगेच मावळला. खोक अजून तशीच होती.

ते आत धावले. कॅशियरचा बोळा बदलला. “छान सुकतेय.” त्याच्याच ट्रेमधली मसाल्याची नळी उचलली. दाताच्या रंगाचा, निळ्या दिव्याखाली दगडासारखा घट्ट होणारा, नवा कोरा मसाला.

“आऽऽ आऽऽ?” कॅशियरने नळीकडे बोट दाखवलं.

“तुमच्यासाठीच आहे. तपासून आणतो.”

राहिला रंगाचा प्रश्न. पांढऱ्यात किती पांढरे असतात हे रंगाऱ्यानंतर दातांच्या डॉक्टरालाच कळतं. डॉक्टरांनी छटांची पट्टी काढली, एका ओळीत लटकणारे नकली दात, हस्तिदंतीपासून ते सिनेमातल्या नट्यांच्या शुभ्र दातांपर्यंत. ती त्यांनी बंपरला लावून बघितली. गाडी हसल्यासारखी दिसू लागली. सहसा रोगी एखाद्या पिवळट छटेवर थांबतात. ही शेवटच्या टोकाला जाऊन थांबली. “सवयी चांगल्या दिसतात,” डॉक्टर पुटपुटले.

मग मात्र हात चालू लागले. ओरखड्यांच्या कडा त्यांनी बारीक यंत्राने साफ केल्या. खोक आतून किंचित खरबरीत केली, म्हणजे मसाला धरून राहील. थर दिला, निळा दिवा धरला. पुन्हा थर, पुन्हा दिवा. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने हळूहळू घासलं. शेवटी दात चमकवायची पुदिन्याच्या वासाची पेस्ट लावून फिरता ब्रश चालवला. मधल्या काळात दोनदा कॅशियरकडे धावून आले. दुसऱ्या खेपेला कॅशियर उठून खिडकीशी उभा होता, गळ्यात रुमाल, गालात कापूस. खिडकीतून शेड स्वच्छ दिसत होती.

“उभं राहिलं की दाढेत रक्त उतरतं,” डॉक्टर कडकपणे म्हणाले. कॅशियर घाबरून आडवा झाला. त्याच्या दाढेत डॉक्टरांनी हाताला लागलं ते तात्पुरतं सिमेंट दाबलं आणि तोंड मिटू नका म्हणून बजावलं. बोलू नये हा त्यामागचा खरा वैद्यकीय हेतू.

शेडमध्ये परत येऊन त्यांनी बंपर फडक्याने पुसला. मागे सरकले. डोकं तिरकं केलं. मग बोट फिरवलं, डोळे मिटून.

काही नव्हतं. कुठे खोक होती हे त्यांचं त्यांनाच सापडेना. एवढ्या वर्षांच्या व्यवसायात इतकं बेमालूम काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. छातीतली धडधड थांबायला हवी होती. ती थांबली नाही, नुसती जात बदलली. आधी ‘कोणाला दिसलं तर’ म्हणून धडधडत होतं. आता ‘कोणालाच दिसणार नाही’ म्हणून धडधडू लागलं.

फाटक वाजलं.

“ताई! चहा टाक गं!” म्हणत छोटू वाकून शेडमध्ये शिरला. मागोमाग बायको चहाचा ट्रे घेऊन आली. आधण तिने दुसरं ठेवलं होतं. छोटूने आच्छादन पूर्ण ओढलं आणि गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. डाव्या कोपऱ्याशी येऊन तो थांबला. डॉक्टरांनी कपातला चहा बशीत आणि बशीतला पुन्हा कपात ओतला.

“कसला वास येतोय? पुदिना?” छोटूने नाक वर केलं.

“अंगणात लावलाय,” बायको म्हणाली. अंगणात पुदिना नव्हता. डॉक्टरांना नवल वाटलं, पण नवल करत बसायची ही वेळ नव्हती.

छोटू नेमका त्याच कोपऱ्यावर हात टेकून उभा राहिला. “भाऊजी, तुम्ही हिला नावं ठेवता. पण हे बघा. हात फिरवून बघा.”

“बघितलंय,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे, इथूनच दिसतंय.”

“काय गुळगुळीत आहे! एक रेघ सापडणार नाही. याला म्हणतात कंपनीचं काम.”

“कंपनीचं?”

“मग? मशीनवर होतं हो सगळं. माणसाच्या हाताला हे जमायचं नाही.”

“अहो, चहा गार होतोय,” बायको म्हणाली.

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. कप बशीत आपटला. “माणसाच्या हाताला जमत नाही, असं काही नसतं,” ते म्हणाले. “हात कोणाचा आहे त्यावर असतं.”

“ते असेल. पण रागावू नका हं भाऊजी, माझीच दाढ घ्या. तुम्ही भरलीत, पडली. पुन्हा भरलीत, पुन्हा पडली. शेवटी आता बाहेरगावी होतो तिथे एका डॉक्टरकडून भरून घेतली. पोरगेलासा होता, पण काम असं,” आणि छोटूने बंपरवर थाप मारली, “अगदी ह्याच्यासारखं!”

बायको डॉक्टरांकडे बघत डोळ्यांनी नको, नको म्हणत होती. डॉक्टरांना ते दिसत होतं. प्रवचन डोळ्यांपुढे दिसत होतं, परत केलेला टीव्ही दिसत होता, साडू दिसत होते. हे सगळं गिळून गप्प बसण्याइतका संयम त्यांच्याकडे होता. पण तो आज सकाळपासून वापरून वापरून संपला होता.

“ह्याच्यासारखं?” ते ओरडले. “अरे, हे मी केलंय!”

“काय केलंय?”

“हे! तू हात ठेवलायस ते! इथे खोक होती, एवढी! खांबाला घासली मी गाडी! मी भरली, मी घासली, मी चमकवली! कंपनी म्हणे! पोरगेलासा म्हणे!”

त्याच वेळी दवाखान्याच्या खिडकीतून गालात कापूस धरलेलं एक डोकं बाहेर आलं आणि जोरजोरात होकारार्थी हललं.

छोटूने एकदा बंपरकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, मग भाऊजींकडे. डॉक्टर बशी हातात धरून आपल्या चपलांकडे बघत होते.

“म्हणजे तुम्ही चालवलीत?” छोटूने हळूच विचारलं.

“थोडी.”

“कशी वाटली?”

डॉक्टरांनी बशी ट्रेमध्ये नीट ठेवली. “वळणावर,” ते शेवटी म्हणाले, “फार छान वळते रे.”

छोटू हसत सुटला. छतावरचं जळमट हललं. मग एकदम थांबून त्याने विचारलं, “पण मग माझीच दाढ का पडते? गाडीला एवढं नीट भरता!”

“गाडी मध्येच बोलत नाही.”

“बरं, आता माझ्यासमोर चालवा. चला. कोपऱ्यापर्यंत.” त्याने किल्ली डॉक्टरांच्या हातात कोंबली.

नाही नाही म्हणत डॉक्टर गाडीत शिरले. शिरताना बरेच चपळ होते. पाय पुढे केले तर पाय अधांतरीच राहिले. पुन्हा ताणले, तरी पेडल लागेना. डॉक्टर गोंधळले. परवा तर त्यांनी सीट पार पुढे ओढली होती आणि घाबरल्याच्या भरात तशीच सोडली होती, हे त्यांना आत्ता, या घटकेला आठवलं. मग ती मागे कशी गेली?

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. बायको फाटकाच्या खांबापाशी, सरकवलेल्या कुंडीला शांतपणे पाणी घालत होती.

“मी सरकवली,” मान वर न करता ती म्हणाली. “परवा संध्याकाळीच. सीट सरकवता येते हो मला. तुमची जीभ तेवढी सरकवता येत नाही.”

डॉक्टर काही बोलायला गेले.

“आता निघा,” ती म्हणाली. “आणि लवकर या. आत तो बिचारा तोंड उघडं ठेवून बसलाय. तो मिटायच्या आत त्याच्या दाढेत खरा मसाला भरा.”

डॉक्टरांनी सीट पुढे ओढली, गाडी सुरू केली, आणि खांबाकडे बघत, फक्त खांबाकडेच बघत, अगदी हळू फाटकाबाहेर काढली. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी आरशात पाहिलं नाही. लागल्यावर मात्र एकदा पाहिलं.